सहावा डाग

गोचीड काढत असताना समोरच्याने बोलू नये, हे मी आमच्या ह्यांना लग्न झाल्यापासून सांगत आले आहे. त्यांना नेमकं तेव्हाच बोलायचं असतं. तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, गवताचा भारा आणला, गाईपुढे टाकला, की हे ओट्यावर बसतात, बनियान काढतात आणि माझ्याकडे पाठ करतात. मी चष्मा लावते, चिमटा घेते आणि मानेपासून सुरुवात करते. तेवढ्यात ह्यांचं सुरू होतं. वांग्यात मीठ जास्त पडलं होतं. तू म्हणाली होती पाऊस येणार, कुठं आला? फाटकाची कडी मी नाही, तूच उघडी ठेवली होती. बोलताना माणूस हलतो, चिमटा निसटतो, गोचिडीचं धड माझ्या हातात येतं आणि तोंड त्यांच्या कातडीत राहतं. मग दोन दिवस तिथं खाजवत बसतात आणि वर मलाच ऐकवतात की तुले काढताच येत नाही. घरात ह्या माणसाने माझं म्हणणं सुखासुखी कधी मानलं नाही. मी दूध म्हटलं की ते ताक म्हणणार.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, अड्याळपासून थोडं आत आहे. एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला जंगल आणि मधे धानाच्या बांध्या. गवत नाही अशी जागा पावसाळ्यात शोधून सापडत नाही, आणि जिथं गवत तिथं गोचीड. गाईच्या कानात, कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात, आमच्या काखेत, गुडघ्यामागे. रक्त पिऊन एरंडीच्या बीएवढी फुगली की ती आपसूक गळून पडते, तिचं काही नाही. जीव खातात त्या बारक्या, तिळाएवढ्या. त्या कधी चढल्या ते कळत नाही. कोणी त्यांच्यावर रॉकेलचा बोळा धरतं, कोणी जळती बिडी टेकवतं, कोणी तंबाखू-चुना चोळतं. शेजारणीने एकदा मुलीचं नेलपॉलिश लावलं होतं. मी घरोघरी सांगते की चिमट्याने अगदी कातडीजवळ धरा, सरळ वर ओढा, पिळू नका, मग साबणाने धुवा. लोक हो म्हणतात आणि बिडी पेटवतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा गावाबाहेर नेताना सगळे ओरडतात, खोकला-खरूज घेऊन जा गे मारबत, ढेकूण-गोचीड घेऊन जा गे मारबत. बाकीचं ती नेत असेल. गोचीड काही नेत नाही, हे मी दरवर्षी बघते.

घरोघरी सांगते म्हटलं, कारण मी गावची आशा आहे. सगळे मला ‘आशाबाई’ म्हणतात. माझं खरं नाव आता रेशनकार्डावर आणि माहेरीच उरलं आहे. गरोदर बाईला दवाखान्यात न्यायचं, बाळाचं वजन करायचं, तापाच्या माणसाचं बोट टोचून मलेरियाची पट्टी बघायची, गोळ्या वाटायच्या आणि हे सगळं रजिस्टरात लिहून पुन्हा मोबाईलमध्ये भरायचं. मोबाईलला रेंज नसते म्हणून पारीवर जाऊन उभं राहायचं. मी ह्या कामाला कंटाळले आहे असं कोणाला सांगितलं तर लोक म्हणतील, मग सोडून दे. सोडवतही नाही. पाय दुखतात, एवढंच खरं.

हे आजारी पडले त्या वर्षी पोळ्याच्या आधी आमचं एक प्रशिक्षण झालं. त्यात सांगितलं की गवतात गोचिडीहून कितीतरी बारीक, डोळ्याला दिसतही नाही असा किडा असतो. तो चावला की आठ-दहा दिवसांनी जोराचा ताप येतो, डोकं फुटायला येतं, आणि जिथं चावला तिथं कधीकधी काळी खपली धरते, सिगारेटचा चटका दिल्यासारखी. ती दुखत नाही, खाजतही नाही फारशी, म्हणून माणसाला पत्ता नसतो. कंबरेला, काखेत, जांघेत बघायचं. आजाराचं नाव स्क्रब टायफस. वेळेवर कळला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो आणि नाही कळला तर माणूस जातो. मी गावात त्याला गोचिडीचा ताप म्हणूनच सांगितलं, कारण तेच लोकांना समजतं. ताप आला तर अंगावर काळा डाग शोधा, हे वाक्य मी त्या महिन्यात इतक्या ओट्यांवर म्हटलं की शेवटी शेवटी अर्थाकडे माझंच लक्ष नव्हतं.

आता बिब्ब्याचं सांगते. बाळांच्या पोटावर बिब्ब्याचे डाग देऊ नका, कातडी उतते, जखम होते, हे मी बायांना रागावून सांगते. आणि माझ्या स्वतःच्या घरी, तिखटाच्या डब्यामागे, चिंधीत बांधलेले बिब्बे असतात. ह्यांची कंबर दुखते. धानाच्या रोवणीत वाकून वाकून तिचं जे झालं आहे ते कुठल्या मलमाने हटत नाही. बिब्बा निखाऱ्यावर गरम करायचा, दाभणाने टोचायचा, आणि जे काळं तेल सुटतं त्याचे टिपके दुखऱ्या जागेवर द्यायचे. ह्यांना तो उतत नाही, कातडी जाड आहे. माझ्या आईने मला शिकवलं होतं की कंबरेला पाचच टिपके द्यायचे, चार कोपऱ्यांना चार आणि मधोमध एक, लुडोच्या फाशावर असतात तसे. का पाच, ते तिला माहीत नव्हतं आणि मीही कधी विचारलं नाही. पण चारही नाही आणि सहाही नाही. बारा-पंधरा दिवस ते काळे राहतात, मग कातडीबरोबर निघून जातात. दवाखान्यातल्या बायांना कळू नये म्हणून मी हे कोणाला सांगत नसे.

पोळा होऊन गेला होता. गाय नुकतीच व्याली होती, तिला हिरवा चारा हवा म्हणून हे रोज पारीवर गवत कापायला जात. कंबर धरली. एका सकाळी मी चुलीतला निखारा काढला आणि पाच टिपके दिले. घाईत दिले, कारण मला लसीकरणाला जायचं होतं. बनियान खाली ओढली आणि पिशवी घेऊन निघाले.

तिसऱ्या दिवशी ह्यांना ताप आला. मीच बोट टोचलं, पट्टीवर एकच रेघ आली, म्हणजे मलेरिया नाही. तापाच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशीही ताप उतरला नाही आणि डोकं इतकं दुखायला लागलं की हे गप्प झाले. हे गप्प झाले म्हणजे काहीतरी मोठं आहे, एवढं मला कळायला हवं होतं. काळीपिवळी जीपमध्ये बसवून त्यांना अड्याळला नेलं.

तिथले डॉक्टर वयस्कर आहेत. मी इतकी वर्षं पेशंट घेऊन जाते, त्यामुळे मला ओळखतात आणि पेशंटला विचारायचं तेही मलाच विचारतात. ताप कधीपासून, थंडी वाजते का, उलटी झाली का. मी सगळं पटापट सांगितलं. हे शेजारी स्टुलावर बसून होते. मग डॉक्टरांनी पाठीला नळी लावायला शर्ट वर केला आणि हात थांबवला. हे काळं कसलं, त्यांनी विचारलं.

मी चटकन दाराकडे बघितलं. आजाराच्या भीतीने नव्हे, बिब्ब्याच्या लाजेने. आता बोलणी बसणार, आणि तीही बाहेरच्या बाकावरच्या पेशंटांना ऐकू जाणार.

“बिब्बा आहे जी,” मी म्हटलं. “कंबरेसाठी. मीच लावला.”

“सगळे?”

“सगळे.”

मी वाकून बघितलंही नाही. डॉक्टर नुसते हसले. आशाताई, तुम्हीसुद्धा, एवढं म्हणाले आणि शर्ट खाली केला. गवतात जातात का, काही चावलं का, तेही त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, आमच्याकडे कोणाला नाही चावत जी? रोजच काढते मी गोचिडी. ते खरंच होतं. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, गोळ्या दिल्या, दोन दिवसांनी दाखवा म्हणाले. दुसऱ्याच्या कामात बिब्बा घालणं ही आपल्याकडे बोलायची पद्धत आहे. मी तो खरोखरचा घातला.

रक्तात ना डेंग्यू निघाला ना टायफॉइड. पुढचे चार दिवस कसे गेले ते मला सलग आठवत नाही. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. डोळे लाल झाले, खोकला लागला, अंगावर पांघरूण सहन होईना. दोन दिवसांनी दाखवलं, डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि आणखी दोन दिवसांत फरक पडला नाही तर भंडाऱ्याला न्या असं बजावून सांगितलं. मी सकाळी गृहभेटी करायची, दुपारी येऊन ह्यांना पेज पाजायची, मग रजिस्टर. माझी मुलगी नागपूरला असते, ती फोनवर म्हणाली की आई, काम बंद कर ना थोडे दिवस. मी तिच्यावर खेकसले. कामात होते तोवर मला घाबरायला वेळ नव्हता. एका सकाळी हे उठून बसले आणि अंगणाकडे बघून, दहा वर्षांपूर्वी विकलेल्या बैलाला हाका मारायला लागले. त्याला बांध, तो धानात शिरला, असं मला सांगू लागले. मी दिराला बोलावलं. त्याने कोणाची तरी गाडी आणली आणि आम्ही ह्यांना भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथं तोंडाला ऑक्सिजन लावला. एक तरुण डॉक्टरीण होती, मुलगीच माझ्या मुलीच्या वयाची, पण तिच्या डोळ्यांखाली माझ्याहून काळं होतं. तिने पहिल्यांदा हेच विचारलं की अंगावर कुठं काळी खपली आहे का. मी म्हटलं, नाही, मी आशा आहे, मला माहीत आहे ती खपली. फक्त कंबरेला बिब्ब्याचे जुने डाग आहेत. तिने ह्यांच्या काखा बघितल्या, पोट बघितलं, मान बघितली. पाठीवर झोपलेल्या माणसाला कुशीवर वळवायचं तर ऑक्सिजनची नळी निघत होती, आणि तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून तिला हाक आली. रक्त तपासायला गेलं. रिपोर्ट उद्या येईल म्हणाले. फुप्फुसात पाणी उतरलं आहे आणि लघवी कमी झाली आहे, हे मला सिस्टरने हळूच सांगितलं. ह्याचा अर्थ काय ते मला इतर बायांपेक्षा जास्त कळत होतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

दुपारी सिस्टर म्हणाली की ताप खूप आहे, ओल्या फडक्याने अंग पुसून काढा. दिराने ह्यांना माझ्याकडे पाठ करून कुशीवर धरलं आणि मी मानेपासून पुसायला लागले. मानेपासूनच, सवयीने. पाठ झाली, कंबर आली. बिब्ब्याचे टिपके एव्हाना तपकिरी झाले होते, कडेने सालपटं निघत होती. फडक्याला एक निघूनही आलं. चार कोपरे, मधला एक. आणि त्यांच्याखाली डाव्या अंगाला, करदोड्याच्या दोऱ्याखाली अर्धा दडलेला, आणखी एक होता. तो तपकिरी झाला नव्हता. कोळशासारखा काळा होता आणि भोवती लाल कडं होतं.

मी मोजले. पुन्हा मोजले. मी आयुष्यात कधी कोणाला सहा दिलेले नाहीत.

मी डॉक्टरणीकडे धावले असं नंतर दीर सगळ्यांना सांगायचा. मला धावल्याचं आठवत नाही. फडकं हातात होतं आणि त्याचं पाणी वॉर्डभर गळलं एवढं आठवतं, कारण झाडणारी बाई ओरडली. डॉक्टरीण आली, तिने करदोडा बाजूला करून बघितलं, बोटाने हलकं दाबलं आणि माझ्याकडे बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं. रिपोर्टची वाट न बघता तिने त्याच वेळी औषध सुरू केलं, आणि मला सांगितलं की उशीर झाला आहे, पण देऊन बघू. ‘देऊन बघू’ म्हणजे काय ते मी किती घरांत किती जणांना समजावून सांगितलं होतं. मला समजावणारं तिथं कोणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. ह्यांनी डोळे उघडले आणि गाईला चारा कोण टाकतं म्हणून विचारलं. दीर टाकतो म्हटलं तर म्हणाले, त्याले जमत नाही.

घरी आलो तेव्हा नवरात्र निघून गेलं होतं. आणि मग सुरू झालं कौतुक. दिराने गावभर केलं होतंच. हे थोडे चालायला लागल्यावर पानठेल्यावर बसून तेच सांगायचे की मोठमोठ्या डॉक्टरांना दिसलं नाही ते माझ्या बायकोला दिसलं. बाया माझ्याकडे येऊन हात धरायच्या. आमच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये मला उभं केलं, टाळ्या वाजवल्या आणि सगळ्या आशांना सांगितलं की असं लक्ष पाहिजे. मी उभी राहिले. दोन शब्द बोला म्हणाले, तर मी अंगावर काळा डाग शोधा, हेच वाक्य म्हणून खाली बसले. खरं सांगायला तोंड उघडलं होतं की नाही, ते आता मला नक्की सांगता येत नाही.

त्या कौतुकाला दुसरी बाजू होती. अड्याळच्या डॉक्टरला कळलंच नाही, असं लोक म्हणायला लागले. म्हातारा झाला, डोळ्याला दिसत नाही, आता त्याच्याकडे नेऊ नका. माझ्याच गावातली एक बाळंतीण त्यांच्याकडे न जाता दुसरीकडे गेली आणि मला म्हणाली की तुमच्यावर जे बेतलं ते ऐकून भीतीच वाटली बाई. मी मान डोलावली. मी एका शब्दाने म्हटलं नाही की त्या माणसाने बोट ठेवून विचारलं होतं आणि मी त्याला खोटं सांगितलं होतं. जाणूनबुजून नाही, पण खोटंच. घरी येऊन भात टाकताना मला माझीच शिसारी यायची. रोज वाटायचं, उद्या सांगू. रोज संध्याकाळी इतकी दमलेली असायची की उद्यावर जायचं.

धान कापून झालं, दिरानेच कापलं. थंडी पडली होती. एका सकाळी हे अंगणात खाटेवर उन्हाला बसले होते आणि मी त्यांच्या पाठीला तेल लावत होते. बरगड्या हाताला लागत होत्या. त्या खपलीच्या जागी आता एक पांढुरका गोल वण होता, बिब्ब्याचे बाकीचे डाग कधीच गेले होते. माझा हात तिथं आला आणि मी न ठरवताच सगळं बोलून गेले. अड्याळला डॉक्टरांनी विचारलं होतं. मी न बघता सगळे बिब्ब्याचे म्हणून सांगितलं. भंडाऱ्यालाही तेच सांगितलं. तुम्ही जे लोकांना सांगत फिरता ते बंद करा, तुम्हाला मरायला मीच टेकवलं होतं.

मला वाटलं, आता आयुष्यभर ऐकायला लागणार.

“मले मालूम होतं,” ते म्हणाले.

मी विचारलं, काय मालूम होतं?

“थो बिब्ब्याचा नाही म्हणून. तू बिब्बा लावाच्या आधीपासून तिथं पुळी होती, साधीच वाटली मले. गवत कापताना करदोडा लागून राहिला होता तिले. अन् तू पाचच लावते.”

तेलाची वाटी माझ्या हातात होती, ती मी खाली ठेवली.

“मग डॉक्टरसमोर काहून नाही बोलले?”

“तू सांगून राहिली होती ना,” ते म्हणाले. “डॉक्टर तुले मानते. बाहेर बाकावर आपल्या गावची माणसं बसली होती. तुले खोटं पाडू काय त्यायच्यासमोर?”

मला काय वाटलं ते मी सरळ सांगते. मला त्यांच्या कानशिलात मारावंसं वाटलं. वांग्यातल्या मिठापासून फाटकाच्या कडीपर्यंत प्रत्येक गोष्टीत ज्याने मला खोटं पाडलं, त्याने जिथं पाडायला हवं होतं तिथं माझी अब्रू राखली, आणि त्यापायी तो मेला असता. मी त्याची विधवा म्हणून गावात मानाने फिरले असते आणि मला कधी कळलंही नसतं. हे मी त्यांना म्हटलं, थांबत थांबत, कारण रडू येत होतं आणि ओरडायला अंगात जोर नव्हता. ते म्हणाले, मेलो तं नाही ना. मग म्हणाले, तेल लाव, थंडी वाजून राहिली.

त्याच आठवड्यात मी त्यांना घेऊन अड्याळला गेले. ताकद येत नव्हती, ते दाखवायचं निमित्त होतं. बाकावर आमच्याच गावची चार माणसं बसली होती, दाराला पडदा होता आणि पडद्यातून सगळं ऐकू जातं हे मला माहीत होतं. मी बसायच्या आधीच डॉक्टरांना म्हटलं की तुम्ही त्या दिवशी डाग विचारले होते, सगळे बिब्ब्याचे म्हणून मी सांगितलं, मी बघितलं नव्हतं, चूक माझी आहे आणि गावात तुमच्यावर बोलणं आलं ते माझ्यामुळे. आवाज मुद्दाम मोठा ठेवला. बाहेरची खोकणारी माणसंही थांबली.

डॉक्टर चष्मा पुसत होते. मलाही करदोडा सारून बघायला पाहिजे होता, ते म्हणाले, तुम्ही आहात म्हणून मी बघितलं नाही. एवढंच. मग चष्मा लावून त्यांनी नेहमीप्रमाणे मलाच विचारलं की आता कसं आहे, जेवण, झोप?

चांगलं आहे, मी म्हटलं. दोन्ही वेळ पोटभर जेवतात. झोपही लागते आता शांत.

“नाही जी,” हे म्हणाले.

मी वळून बघितलं.

“जेवण जात नाही मले. हिले वाईट वाटते म्हणून ताटातलं कुत्र्याले टाकतो. झोपही नाही लागत. कानात घूं घूं वाजते रोज, ही काय बोलून राहिली तेही अर्धं ऐकू नाही येत.”

मला राग आला. एवढं सगळं होऊनही, आत्ताच सगळ्यांदेखत चूक कबूल करूनही, पहिल्यांदा आला तो रागच. चार माणसं पडद्याबाहेर ऐकत होती आणि माझा नवरा सांगत होता की मी घरातलंच माणूस नीट बघितलं नाही. कानाचं असं नाही जी, ते लक्षच देत नाहीत, असं सांगायला मी वाकलेही. पण डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडून त्यांच्याकडे वळवली होती आणि ते त्यांना विचारत होते की कानात कधीपासून वाजतं, एका की दोन्ही. मी तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं.